साखरेची साक्ष

आमच्या वर्ध्याच्या घरमालकांचा कुठल्याही आकड्यावर विश्वास नव्हता. घड्याळ, थर्मामीटर, पेट्रोल पंप, पिठाच्या पिशवीवर छापलेलं वजन, सगळे त्यांच्या लेखी संशयित आरोपी. मे महिन्यात आपण घाम पुसत म्हणावं, "काका, आज सेहेचाळीस आहे म्हणे," की ते विचारायचे, "कोण म्हणते?" आपण मोबाइल पुढे करावा. चष्मा कपाळावर सरकवून ते तो नीट वाचायचे आणि परत द्यायचे. "हे त्याचं मत झालं," म्हणायचे, "पुरावा कुठी हाय?" पुरावा आपल्या पाठीवरून ओघळत असायचा, पण तो ते ग्राह्य धरत नसत.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पितळी वजनांची पेटी घेऊन आठवडी बाजार पालथे घालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ थोडं पुढे जातं असं आढळल्यावर त्यांनी ते कचेरीत परत नेऊन दिलं. शाल मात्र ठेवून घेतली. काकू सांगायच्या, "तिच्यावर काई आकडा नव्हता, म्हणून वाचली बिचारी."

नवऱ्याची बदली वर्ध्याला झाली आणि आम्ही त्यांचा वरचा मजला पाहायला गेलो, तेव्हा मी घाबरून होते. घरमालक काय काय विचारतात याचा अनुभव गाठीशी होता. यांनी एकच विचारलं. "तुमच्याकडे वजनकाटा आहे का?" मी केक करते, त्यामुळे होता. सामानाच्या आधी तो मागवून घेतला गेला. निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाने घेतलेल्या, मखमली खणांच्या पेटीतून एकेक वजन चिमट्याने उचलून त्यांनी माझ्या काट्यावर ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि काकूंकडे वळून म्हणाले, "माणसं बरी दिसतात. काटा खराब हाय." त्या शिफारशीवर आम्हाला घर मिळालं.

त्यांच्या दोन भाषा होत्या. घरात, अंगणात, भाजीवालीशी ते अस्सल वऱ्हाडी बोलायचे आणि मला 'बाई' म्हणायचे. काही तपासायला घेतलं की मात्र त्यांच्या तोंडून कचेरीची मराठी सुरू व्हायची आणि माझी 'मॅडम' व्हायची. जिन्यावरून "मॅडम" अशी हाक आली की मी ओट्यावरच्या सगळ्या वस्तूंकडे एकदा नजर टाकून घ्यायचे.

काकू म्हणजे त्या घरातलं एकमेव न तपासलेलं माप. त्या हाताच्या अंदाजाने शिजवायच्या आणि ते कधी चुकायचं नाही, ही काकांची जन्माची पंचाईत होती. काकू मला एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यायनं मले इचारलं वं, चिमूटभर मीठ म्हंजे किती? मी म्हटलं, माह्या चिमटीयेवढं. तवापासून यायनं माह्या सैपाकाचं नाव घेतलं नाई."

पण काकांचा सगळ्यात मोठा लोभ होता तो हक्काच्या मापाचा. कमी दिलेलं त्यांना चालत नसे हे कोणालाही कळेल. जास्त दिलेलंही चालत नसे, हे कळायला मला वेळ लागला. सकाळी शेतातून भाजी घेऊन बाया यायच्या. भाजी मोजून झाली की वरून मूठभर सांभार टाकायची त्यांची रीत. वर्ध्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि तो विकत घ्यावा लागला तर आपलं काहीतरी चुकलंय असं मानतात. काका तो काढून परत टोपलीत ठेवायचे.

"काका, फुकटचा हाय तो," ती बाई म्हणायची.

"म्हणूनच," काका म्हणायचे.

शेवटी तिने तोड काढली. ती भाजी पुढच्या फाटकातून काकांना द्यायची आणि सांभार मागच्या फाटकातून काकूंना. काका जेवताना वरणातला सांभार पाहायचे, चमचा क्षणभर थांबायचा आणि मग ते मुकाट्याने जेवायचे. संसार असाच चालतो.

बुद्धपौर्णिमेला काकू खीर करायच्या आणि गल्लीत वाटायच्या. वाट्या भरायचं काम काकांकडे होतं, कारण सगळ्या वाट्यांतली खीर एकाच रेघेला यायला हवी. तेवढ्यात खीर निवून जायची, पण अन्याय व्हायचा नाही. मी केकचा तुकडा खाली पाठवला, तर ते काकूंकडून सुरी मागून घ्यायचे, आपल्या वाट्याहून जास्त दिसेल तेवढी कड नेमकी कापायचे आणि ती कड बशीत घालून वर परत यायची. पहिल्यांदा मला वाटलं, केक आवडला नाही. नंतर सवय झाली. एवढं झालं तरी मला राग यायचाच, कारण कड ही केकची सगळ्यात चांगली बाजू असते.

एकदा त्यांना ताप आला. दवाखान्यातली सिस्टर थर्मामीटर घेऊन आली, तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी तिला सांगितलं, "आधी तुमच्या काखेत लावा." सिस्टर माझ्याकडे पाहायला लागली. मी छताकडे पाहायला लागले. "तुम्हाला ताप नाही," काका म्हणाले, "तुमचा बरोबर आला, तर माझा मानू." ती बिचारी नवीन होती. तिने लावला. तिलाच ताप निघाला. तिला रजा मिळाली आणि काकांना दुसरी सिस्टर.

आता माझ्या ओव्हनचं सांगते. वर्ध्यात आल्यावर मी केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले होते आणि माझा प्रत्येक केक मधोमध बसायचा. कडेने उंच, मधे खड्डा. खड्डा मी क्रीमने बुजवायचे, रस्त्याचे कंत्राटदार बुजवतात तसा, आणि वर चेरी ठेवायचे. गिऱ्हाइकं क्रीम जास्त म्हणून खूश होती. मी मात्र मनातून खचत चालले होते. अंडी बदलली, मैदा बदलला, बेकिंग पावडर बदलली. नवरा म्हणाला, वर्ध्याची हवा. त्याचं सगळं वर्ध्याच्या हवेवर ढकललेलं असायचं.

एके दिवशी असा एक केक मी खाली नेला. काकांनी क्रीम चमच्याने बाजूला केलं आणि केकच्या कापलेल्या बाजूकडे पाहत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "ओव्हन किती अंशांवर ठेवला होता?"

"एकशे ऐंशी."

"कोण म्हणते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले. हातात अ‍ॅल्युमिनियमचा कागद, एक चमचा आणि ताटात पसरून उन्हात वाळवलेली साखर. मी म्हटलं, ओव्हनचा वेगळा थर्मामीटर मिळतो, मागवू का? त्यांनी विचारलं, "त्याले कोणं तपासलं?" मी म्हटलं, कंपनीने. "म्हंजे चोराले जामीन चोरच," काका म्हणाले. मग त्यांनी मला साखरेबद्दल सांगितलं. साखर साधारण एकशे शहाऐंशी अंशांना वितळते. ओव्हन खरा असेल, तर डायल एकशे ऐंशीवर असताना साखर दाणेदार राहायला हवी आणि एकशे नव्वदच्या पुढे पाणी व्हायला हवी. "तिले कंपनी नाई, पगार नाई, साहेब नाई. खोटं बोलाचं तिले कारणच काय?"

कागदाच्या छोट्या होड्या करून त्यांत चमचाभर साखर घातली गेली. मी लगेच आत ठेवायला निघाले, तर त्यांनी अडवलं. "मॅडम, तवा तापल्याशिवाय तुम्ही पोळी टाकता का?" ओव्हन पुरता तापला, होडी मधोमध ठेवली गेली आणि काका काचेसमोर स्टूल टाकून बसले. एकशे नव्वदला साखर ढिम्म. दोनशेला ढिम्म. प्रत्येक वेळी नवी होडी, नवी वाट पाहणं. मी मधे दार उघडून पाहणार होते, तर ते म्हणाले, "दार उघडलं की तपासणी बाद." दोनशे दहाला साखरेच्या कडा ओल्या दिसायला लागल्या, आणि पाहता पाहता सगळी होडी पारदर्शक झाली. काका उभे राहिले.

"मॅडम, तुमचा ओव्हन वीस अंश मापात मारतो."

घरातलंच कोणी बाजारात पकडलं जावं तसं मला झालं. रोज पुसून ठेवत होते मी त्याला.

त्यांनी डायलभोवती कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर बारीक अक्षरात खरे अंश लिहिले. पट्टीच्या टोकाला लाख वितळवून लावली. सरकारी शिक्का निवृत्तीच्या वेळी परत करावा लागला होता, म्हणून लाखेवर अंगठा दाबला. चटका बसला असणार, पण अंगठा उचलला नाही. त्या दिवसाचा केक सपाट आला. चेरी ठेवायला कारणच उरलं नाही, तरी मी सवयीने ठेवली.

तेव्हापासून दर महिन्याला तपासणी. एकदा त्यांनी सगळ्या जाळीवर पावाचे तुकडे मांडले आणि कुठला आधी करपतो ते पाहिलं. मागचा डावा कोपरा गुन्हेगार निघाला. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, तर ओव्हनही उतरतो, म्हणून महत्त्वाचा केक सकाळी करायचा असं ठरलं. हे सगळं खरंच होतं, हे मला आज दुसऱ्या गावात, दुसऱ्या ओव्हनसमोर उभी राहून सांगावंसं वाटतं. चांगला केक हातात नसतो, अंशात असतो.

काकू एकदा पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्या हातातला केक पाहून म्हणाल्या, "तुहा तं वर आला बाई. आमच्या घरचं काऊन बसलं असन?" मला कळलं त्या कशाबद्दल बोलताहेत. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात दिली होती. व्याह्यांचं तिथे किराणा दुकान. बोलका, मोकळ्या हाताचा माणूस. वडिलांच्या वेळचा जुना तराजू, त्यावरच धंदा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि काकांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, तेव्हा एका बाजाराच्या दिवशी काकांची तपासणी नाचणगावात निघाली. त्यांनी ओळीने एकेक दुकान घेतलं. व्याह्यांचं दुकान गाळलं असतं, तर कोणी काही म्हटलं नसतं. पण गाळलं तर तो पक्षपात, म्हणून ते दुकानाची पायरी चढले. व्याह्यांनी चहा मागवला. काकांनी पेटी उघडली.

तराजू चुकत होता. पण तो गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकत होता. किलोला थोडं जास्तच जायचं. कितीतरी वर्षं ते घर गावाला जास्त देत आलं होतं आणि ते त्या घरालाही माहीत नव्हतं. व्याही हसले. म्हणाले, "चाला, आपलंच नुकसान निघालं." काका म्हणाले, "चूक ती चूक. कायद्यात कोणीकडून असं लिहिलेलं नाही." आणि भर बाजारात, मांडलेल्या चहासमोर, त्यांनी व्याह्यांना दंड लावला आणि तराजू जप्त केला.

दंडाचं काही नव्हतं. पण बाजारात नंतर कितीतरी दिवस लोक व्याह्यांना विचारत होते, "भाऊ, मापात काई गडबड होती म्हंते?" आणि आपण कमी नाही, जास्त देत होतो, हे सांगायला निघालेला माणूस किती खोटा वाटतो हे व्याह्यांना तेव्हा कळलं. त्यांनी निरोप पाठवला, "साहेबाले सांगजो, माह्या दुकानाची पायरी चढू नका." मुलगी बापावर चिडली होती आणि सासऱ्यांपुढे शरमली होती. तिचं माहेरी येणं बंद झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरी झालं. काकू डिंकाचे लाडू घेऊन एसटीने गेल्या. काका डेपोपर्यंत पोचवायला गेले आणि तिथून परत आले.

नात झाली होती. काकांनी ती फक्त मोबाइलवर पाहिली होती, आणि मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. काकू नाचणगावहून आल्या की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "वजन किती भरलं?"

"साडेसात."

"कोणाच्या काट्यावर?"

"अंगणवाडीच्या."

"तपासला हाय का तो काटा?"

"जाऊन पाहा नं मंग सोता," काकू म्हणायच्या. मग काका उठायचे आणि पितळी वजनं पुसायला घ्यायचे. ती आधीच चकचकीत असायची. मला त्या वेळी त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे पाहवतही नसे. दंड चुकला असं ते कधी म्हणाले नाहीत. नात पाहायची आहे असंही म्हणाले नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांच्या मते खऱ्या होत्या आणि त्या एका घरात बसत नव्हत्या.

नातीचा पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा तिच्या आईचा मला फोन आला. काकूंमुळे आमची ओळख होती. सासऱ्यांनी तिला नातीच्या निमित्ताने नवाकोरा ओव्हन घेऊन दिला होता आणि तिचा केक वरून करपत होता, आतून कच्चा राहत होता. नेमके तेव्हा काका माझ्या स्वयंपाकघरात मासिक तपासणीला बसलेले. फोन स्पीकरवर होता. मुलीचा आवाज ऐकला आणि त्यांनी हातातली साखर जपून खाली ठेवली.

मग त्यांनी मला खुणा सुरू केल्या. डायल किती, विचार. जाळी कोणत्या खणात, विचार. आधी तापवला होता का, विचार. मी विचारत गेले. पलीकडून उत्तरं येत गेली.

"ताई, हे तुमचे प्रश्न नाई वाटत," ती म्हणाली. "बाबा हायत का तिथं?"

काकांनी मान जोरात हलवून नाही म्हटलं. आयुष्यभर साक्षी नोंदवलेला माणूस, त्याला खोटी साक्ष देताना मी पहिल्यांदा पाहिलं, तीसुद्धा न बोलता.

"नाहीत," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "नसतीन तं त्याइले इचारून सांगा, काय करू."

मग मी साखरेची सगळी रीत तिला सांगितली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो हसू दाबत. सासरे दुकानातून घरात आले, तर सून ओव्हनपुढे स्टूल टाकून बसलेली आणि आत कागदाच्या होडीत साखर. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, तपासून राह्यली. एवढ्यावरून ते समजले. ते म्हणाले होते, "फोनवर तपासणी कोण्या कायद्यात बसते? तपासाचं असन तं साहेबाले म्हणा इथं येऊन तपासा. वाढदिवसालेच या म्हणा. चार लोकाइसमोर."

मी हा निरोप जसाच्या तसा खाली सांगितला. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. फोनवरची तपासणी ग्राह्य नाई."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. कारण साखर काय सांगणार याचा अंदाज आम्हा तिघांनाही होता. वरून करपतो, आतून कच्चा, म्हणजे ओव्हन जास्त तापतो. आणि तो ओव्हन व्याह्यांनी हौसेने दिलेला. चार लोकांसमोर ते पुन्हा चुकीचे ठरले, की हे दार कायमचं बंद होणार.

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही पुलगावची एसटी पकडली. माझ्याकडे केकचं भांडं आणि सामान, काकूंकडे नातीचा फ्रॉक. काकांनी वजनांची पेटी बरोबर घेतली होती, ती काकूंनी फाटकातूनच परत पाठवली. त्यांच्या खिशात आता फक्त साखरेची पुडी होती.

"एक डाव म्हणा, बरोबर हाय म्हणून," काकू बसमध्ये म्हणाल्या. "कोणाचं काय बिघडते?"

"केक बिघडन," काका म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहत बसले. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, त्यांनी खोटं बोलावं. केक मी सांभाळून घेतला असता.

व्याह्यांच्या घरात जायला दुकानातूनच जावं लागत होतं. काका पायरीपाशी थांबले. गल्ल्याशेजारी नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता. दुकानातले सगळे काकांच्या नजरेकडे पाहत होते. काकांनी काट्याकडे पाहिलं नाही. ते बिस्किटांच्या डब्याकडे पाहत राहिले.

"जयभीम, साहेब," व्याही म्हणाले.

"जयभीम," काका म्हणाले, आणि पायरी चढले.

मुलगी आतून आली. तिने आपली लेक बापाच्या हातात दिली. काकांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, आणि ते हात आपोआप किंचित खाली-वर झाले. आयुष्यभराची सवय.

"किती भरली?" काकूंनी विचारलं.

"अंदाज सांगत नसतो मी," काका म्हणाले. पोरीने त्यांचा चष्मा ओढला आणि खाली पाडला. तो त्यांनी कितीतरी वेळ उचलला नाही.

ओव्हन स्वयंपाकघरात नव्हता. आलेल्या माणसाला दिसावा म्हणून तो पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडला होता, वर क्रोशाचं कव्हर. शेजारी, नातेवाईक, दुकानातली माणसं, सगळे दाटीने बसले होते. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने कव्हर काढलं आणि बाजूला उभे राहिले. काकांनी नातीला काकूंकडे दिलं, पुडी उघडली आणि होड्या केल्या.

"मॅडम," ते मला म्हणाले, "डायल एकशे साठ." एकशे साठला साखर दाणेदारच राहिली. मग म्हणाले, "आता एकशे सत्तर."

ओव्हन तापला. नवी होडी आत गेली. एकशे सत्तरला साखर वितळायला नको. मी काचेतून पाहत होते आणि मनात साखरेला विनवत होते. मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. थोड्या वेळाने साखरेच्या कडा ओल्या झाल्या. मग ती सगळी पाणी झाली. ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनाही ते दिसलं.

काका उभे राहिले. काकूंनी डोळे मिटले.

"तपासणीत असं आढळलं," काका म्हणाले, "की हा ओव्हन डायलवर लिहिलंय त्यापेक्षा सुमारे वीस अंश जास्त देतो."

व्याह्यांनी हाताची घडी घातली.

"जास्त देते?"

"जास्त."

"कमी तं नाई देत?"

"नाही."

व्याह्यांनी जमलेल्या लोकांकडे सावकाश पाहिलं, एकेकाकडे. जे बाजारात त्यांना मापाबद्दल विचारत होते, त्यांतलेही काही तिथे असणार.

"आइकलं का रे?" ते म्हणाले. "सरकारी माणूस सांगून राह्यला. या घरातली कोणतीच वस्तू कमी देत नाई. तराजूबी जास्तच देत होता." आणि त्यांना हसू आलं. आधी थोडं, मग पोट धरून. मग सगळी खोलीच हसली. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "खरं हाय. तो तराजूबी जास्तच देत होता. हे मी तवा बाजारात मोठ्यानं सांगाले पाह्यजे होतं."

व्याह्यांचं हसू थांबलं. त्यांनी डोळे पुसले, ते हसण्याने की कशाने ते मला माहीत नाही.

"मंग लावा दंड," ते म्हणाले.

"मी रिटायर झालो," काका म्हणाले.

काकांनी डायलवर पट्टी चिकटवली. मी एकशे ऐंशीचा केक डायल एकशे साठवर ठेवून भाजला. वरून सोनेरी, आतून शिजलेला, माथा सपाट. मेणबत्ती लावली, नातीच्या आईने नातीचा हात धरून केक कापला, आणि पुढचं कापणं व्याह्यांनी हाती घेतलं. त्यांचा हात दुकानातल्यासारखाच मोकळा. कोणाला मोठा तुकडा, कोणाला लहान, काही हिशोब नाही. खीर रेघेला आणणाऱ्या माणसाला हे बघणं किती जड जात असेल ते मला आणि काकूंनाच कळत होतं.

शेवटचा तुकडा काकांच्या बशीत आला. दोन बाजूंनी कड असलेला, कोणाच्याही तुकड्याच्या दुप्पट.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हा जास्त हाय," ते म्हणाले.

"हाय," व्याही म्हणाले.

सुरी टेबलावरच होती, काकांच्या हाताशी. काकूंनी ती उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. काकांनी नातीला मांडीवर नीट बसवलं, एक घास तिला दिला, आणि कडांसकट तो सगळा तुकडा खाल्ला. सुरी त्यांनी मागितली नाही.